नेपियर लावू की ऊस? चिमणीपेक्षा रानाचा हिशेब मोठा

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या पूर्वेला. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून चार एकर रान बागायत झालंय. त्याआधी तिथं शाळू आणि हरभरा व्हायचा. वर एक एकर माळ आहे, तो कधी नांगरलेला नाही. आता एका गॅस कंपनीची माणसं सांगतात, पाचही एकरांत नेपियर गवत लावा, त्याचा गॅस करू, हे इंधन कार्बन न्यूट्रल आहे, म्हणजे हवेत नवा कार्बन घालत नाही, हवामानबदलावर हाच उपाय आहे, पुढं कार्बन क्रेडिटचे, म्हणजे वाचवलेल्या कार्बनच्या दाखल्याचे, पैसेही मिळतील. वडील म्हणतात ऊस लावू, त्याच्या चिपाडाची पण वीजच होते की. चुलतभाऊ म्हणतो, जाळलं की धूर निघणारच, मग कोळसा काय आणि चिपाड काय. हवामानाच्या दृष्टीने खरं काय? आणि पलूसला मामांच्या उसाचं पाचट गाठी बांधून विकत न्यायला लोक येतात, ते द्यावं का?"

दादा, चुलतभावापासून सुरुवात करतो. त्याचं म्हणणं लोक हसण्यावारी नेतील, पण बोट त्याने नेमक्या जागी ठेवलं आहे.

मी ३१ वर्षं सांगली जिल्ह्यातल्या कारखान्यांत बॉयलर आणि टर्बाइनवर काढली, शेवटची काही वर्षं डिस्टिलरीत. टनभर ऊस गाळला की साधारण २८० किलो बगॅस, म्हणजे चिपाड, निघतो, त्यात निम्मं पाणी. उरली १४० किलो कोरडी काडी, तिच्यात कार्बन ४६ टक्क्यांच्या आसपास. ती सगळी जळाली की चिमणीतून २३५ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातून कारखान्याची स्वतःची वाफ आणि वीज भागते आणि चांगल्या दाबाचा बॉयलर असेल तर टनामागे ८० युनिटच्या आसपास वीज ग्रीडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, जाते. देशातल्या ग्रीडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे ८० युनिटनी वाचवले ५६ किलो आणि चिमणीतून गेले २३५. वाफेवर साखर शिजली हे धरलं तरी, चिमणीच्या तोंडाशी मोजायला बसलात तर चिपाड कोळशापेक्षा स्वच्छ नाही. ओलं असल्यामुळे उलट जास्तच.

मग मी एवढी वर्षं हे काम चांगलं म्हणून का केलं? कारण मोजायचा प्रश्न वेगळा आहे. "धूर किती निघाला" हा तो प्रश्न नाही. "हा कार्बन उसाने वर्षभरापूर्वी हवेतूनच घेतला होता" हे उत्तरही अर्धंच आहे, कारण त्या रानात दुसरं काहीतरी उगवलंच असतं आणि त्यानेही हवेतून कार्बन घेतलाच असता. खरा प्रश्न एकच: एरवी त्याचं काय झालं असतं? हे बगॅस, हे पाचट, हे रान, हे पाणी, यांचं आपण हात लावला नसता तर काय झालं असतं? बायोमासचा हवामानाशी जो काही हिशेब आहे तो या एका "एरवी"वर उभा आहे. कार्बन न्यूट्रल हा शब्द तो "एरवी" झाकून टाकतो, म्हणून मला तो शब्द आवडत नाही.

बगॅसचं "एरवी" मला डोळ्यांनी दिसलेलं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा २१ किलो दाबाचे जुने बॉयलर होते. त्या काळात बगॅस वाचवायचा नव्हता, संपवायचा होता. वीज विकत घेणारं कुणी नव्हतं, म्हणून बॉयलर मुद्दाम ढिसाळ चालायचे. तरी हंगामाच्या शेवटी यार्डात दोन मजली ढीग उरायचा. वैशाखात त्या ढिगात आम्ही लोखंडी सळई खुपसून ठेवायचो. तासाभराने बाहेर काढली की हातात धरवत नसे. आत आंबट वास, मध्येच काळा पडलेला थर. बाहेरून कोरडाठाक दिसणारा ढीग आतून कुजत असायचा, आणि हवा न लागता कुजणं म्हणजे मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पट. ऊस साखरेसाठी आधीच लावलेला, आधीच गाळलेला. त्याचं चिपाड एरवी कुजलं असतं किंवा नुसतंच जळालं असतं. ते ६७, ८७, ११० किलोच्या बॉयलरला घालून त्याच काडीतून जास्त वीज काढली, तर ती वीज हवामानाच्या दृष्टीने खरोखर कमाई आहे. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचंही, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचंही, तसंच. लिटरभर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर स्पेंटवॉश निघतो. तो उघड्या तळ्यात साठवला तर मिथेन हवेत, बंद डायजेस्टरमध्ये, म्हणजे हवाबंद कुजवण्याच्या टाकीत, घातला तर तोच मिथेन बॉयलरला.

तेव्हा वडिलांचं बरोबर? कृष्णाकाठी वाळव्यात असतं तर मी हो म्हटलं असतं. तुमच्या रानात नाही, आणि त्याचं कारण पाणी आहे.

कागद-पेन्सिल घ्या. हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला पंप-मोटारीची तूट धरून ०.४ युनिट वीज लागते. हा पदार्थविज्ञानाचा हिशेब आहे, कुणाच्या मतावर नाही. टेंभू गाव कराडजवळ कृष्णेवर. तिथून टप्प्याटप्प्याने उचलत उचलत पाणी तुमच्या माथ्यावर येतं. तुमच्या रानापर्यंत एकूण उचल किती ते पाटबंधारे खात्याच्या शाखेत विचारून घ्या, मी हिशेबाला २०० मीटर धरतो. म्हणजे हजार लिटरला ०.८ युनिट. उसाला पाटपाण्याने एकरी वर्षाला ९० लाख लिटर सहज जातं. ९,००० गुणिले ०.८ म्हणजे ७,२०० युनिट. आता उत्पन्नाची बाजू बघा. एकरी ४५ टन ऊस, टनाला ८० युनिट, म्हणजे ग्रीडला मिळाली ३,६०० युनिट. पाणी चढवायला जेवढी वीज गेली त्याच्या निम्मी वीज त्या उसाच्या चिपाडाने परत दिली. आमचं रान कृष्णाकाठी आहे, पंधरा मीटर उचलीवर तेवढंच पाणी साडेपाचशे युनिटच्या आत येतं. ऊस तोच, कारखाना तोच, चिमणी तीच. उंची बदलली आणि हिशेब उलटा झाला. ऊस साखरेसाठी लावायचा असेल तर लावा, तो तुमच्या प्रपंचाचा प्रश्न आहे आणि त्यात मी पडत नाही. पण "चिपाडाची वीज होते" हे माथ्यावरच्या उसाचं समर्थन होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट युरियाची. ही कुणी सांगत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तुमच्या घरात युरियाचं ४५ किलोचं पोतं असेल. त्यात नत्र आहे ४६ टक्के, म्हणजे २०-२१ किलो. ते रानात टाकलं की पिकाला काही मिळतं, काही पाण्याबरोबर खाली जातं, काही उडून जातं, आणि जमिनीतले जीवाणू त्यातला थोडासा वाटा नायट्रस ऑक्साइड नावाच्या वायूत बदलतात. हा वाटा फार लहान असतो. जगभर हिशेबासाठी साधारण १ टक्का धरतात. पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो आणि शंभरावर वर्षं हवेत टिकतो. गुणाकार केला की एका पोत्यामागे जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम निघतो. युरिया बनवताना जळलेला नैसर्गिक वायू आणि रानात युरिया फुटताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड धरला की आकडा सव्वाशे ते दीडशे किलोवर जातो. म्हणजे एक पोतं युरिया ग्रीडच्या २०० युनिट विजेच्या तोलाचं. सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाची नत्राची शिफारस हेक्टरी २५० किलो, आडसालीची (पावसाळ्यात लावलेल्याची) ४०० किलो. एकराला पाच ते आठ पोती झाली. प्रत्यक्षात आपल्याकडे बांधावर रिकामी पोती मोजली तर दहा-बारा भरतात.

आणि १ टक्का हा आकडा सरासरीचा आहे. रान पाण्याने गच्च भरलं, हवा कोंडली, वर नत्र भरपूर असलं की हा वायू जास्त सुटतो. कृष्णाकाठची जी रानं पाणी देऊन देऊन क्षारपड झाली, तिथं आपण एकाच वेळी माती घालवली आणि हवाही. आमच्या ओढ्याकडच्या दीड एकरात मीठफुटी झाली तेव्हा मला फक्त उतारा घटलेला दिसत होता. या वायूचा विचार मी फार उशिरा केला, त्याचं मला वाईट वाटतं.

ओझोनच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झेन यांनी २००८ साली सहकाऱ्यांबरोबर हाच मुद्दा मांडला होता. शेतात टाकलेल्या नत्रातला नायट्रस ऑक्साइडचा खरा वाटा १ टक्का नसून ३ ते ५ टक्के असू शकतो, आणि तसं असेल तर युरोपातल्या मोहरीवर्गीय पिकाचं बायोडिझेल आणि अमेरिकेतल्या मक्याचं इथेनॉल हवामानाला फायद्यापेक्षा तोटाच करतं, असं त्यांचं गणित सांगत होतं. उसाचं चित्र त्यात बरं दिसत होतं. त्या गणितावर पुढं वाद झाले, पण एक गोष्ट त्यातून घ्यायलाच हवी: इंधनपिकाचा हिशेब नत्र धरल्याशिवाय करायचा नाही.

आता तुमच्या नेपियरकडे येऊ. हे गवत मला वाईट वाटत नाही. ते बारमाही आहे, दरवर्षी नांगरट नाही, मुळं खोल जातात, मातीला धरून ठेवतं. उसापेक्षा कमी पाण्यात भागतं. त्यामुळे मी ते आधीच नाकारून हिशेबाला बसत नाही.

पत्रकात एकरी दीडशे-दोनशे टनांचे आकडे असतील तर ते बाजूला ठेवा. चांगलं पाणी आणि खत असताना मी एकरी ७० टन हिरवं धरतो. अठ्ठावीस टन गवताला टनभर गॅस धरला तर वर्षाला अडीच टन गॅस झाला. तेवढा सीएनजी जाळला असता तर ६.९ टन कार्बन डायऑक्साइड सुटला असता. ही झाली जमेची बाजू, आणि ती चांगली आहे.

खर्चाच्या बाजूला पहिलं पाणी. एकरी ५० लाख लिटर, २०० मीटर उचल, म्हणजे ४,००० युनिट, म्हणजे २.८ टन. दुसरं नत्र. सत्तर टन हिरव्या गवतातून रानातलं दीडशे किलोच्या पुढं नत्र बाहेर जातं. ते भरून काढायला आठ पोती युरिया, म्हणजे आणखी १.१ टन. तिसरी गळती. अडीच टन गॅसपैकी ३ टक्के जरी कुठून तरी निसटला तरी ७५ किलो मिथेन, म्हणजे २ टनांच्या वर. एकूण झाले ५.९. हातात राहिला एक टन. अजून गॅस शुद्ध करायची आणि दाबून सिलिंडरमध्ये भरायची वीज धरलेली नाही, गवत कापायचं आणि वाहायचं डिझेल धरलेलं नाही. तो एक टनही त्यातच जातो.

गळतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळा खेळ तिथं आहे. डायजेस्टरवर मी रोज सकाळी साबणाच्या पाण्याची बादली आणि ब्रश घेऊन फिरायचो. पाइपाच्या प्रत्येक जोडावर (फ्लँजवर), प्रत्येक व्हॉल्व्हच्या मानेवर फेस लावायचा आणि दोन मिनिटं थांबून बघायचं. बहुतेक ठिकाणी फेस तसाच बसून राहतो. मग एखाद्या ठिकाणी तो हळूच फुगतो, एक बुडबुडा वर येतो, फुटतो, लगेच दुसरा. मिथेनला स्वतःचा वास नसतो. डायजेस्टरपाशी जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि शुद्धीकरणात तो काढून टाकला की पुढच्या पाइपमधून गॅस गळतोय हे नाकाला कळतच नाही. एक बुडबुडा म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तुमच्या प्रकल्पातून १० टक्के गॅस सुटला तर एकरी अडीचशे किलो मिथेन झाला, म्हणजे ७ टन. जमेची अख्खी बाजू तिथंच संपली. पाणी नाही, युरिया नाही, काहीच धरलं नाही तरी. आणि बराचसा गॅस पाइपातून गळतच नाही. डायजेस्टरमधून बाहेर आलेली स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावरचा पातळ गाळ, उघड्या खड्ड्यात साठवतात, ती तिथं आठवडेच्या आठवडे बुडबुडे सोडत बसते. म्हणून प्रकल्प बघायला गेलात तर गॅसचे सिलिंडर बघू नका. स्लरीचा खड्डा झाकलेला आहे की उघडा, ते बघा.

त्याच स्लरीत तुमचं नत्रही असतं. गवत डायजेस्टरमध्ये आंबतं तेव्हा कार्बन गॅस होऊन जातो, नत्र जवळजवळ सगळं मागं राहतं. ती स्लरी तुमच्या रानात परत आली तर आठ पोत्यांची तीन पोती होतील. परत आली नाही तर दर कापणीला तुमच्या रानाचा कस गाडीत भरून जातोय असं समजा. करारात गवताचा दर सगळे वाचतात, स्लरी कोण आणून देणार हे कलम आहे का ते बघा. माझ्या मते गवताच्या दराइतकंच वजन त्या कलमाला आहे.

हेच आकडे दुसऱ्या मांडणीत बघा. ठिबकवर पाणी ३० लाख लिटरवर आणलं, स्लरी परत आली, खड्डा झाकलेला आहे आणि गळती १ टक्क्यात ठेवली, तर एकरी चार टनांपर्यंत शिल्लक राहते. त्यातून शुद्धीकरणाची वीज आणि डिझेल गेलं तरी बऱ्यापैकी काही उरतं. म्हणून नेपियर चांगलं की वाईट असं कुणी एका शब्दात विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. उत्तर पाण्याच्या उंचीत, स्लरीच्या टँकरमध्ये आणि साबणाच्या फेसात आहे.

आता रानाचं "एरवी". चार एकरांत शाळू-हरभरा होत होता. तो गेला तर लोक भाकरी खायचं थांबवणार नाहीत, जनावरं कडबा खायचं थांबवणार नाहीत. तो शाळू कुठंतरी दुसरीकडे पिकवावा लागेल, तिथं कुणाचा तरी माळ नांगरला जाईल. २००८ सालीच अमेरिकेतल्या अभ्यासकांनी हे जगाच्या पातळीवर मांडलं होतं: इंधनपिकाने ढकललेलं अन्नपीक जिथं जाऊन पडतं, तिथली फुटलेली जमीनही हिशेबात धरायची. आपल्याकडे त्याला कडब्याची बाजूही आहे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात दुष्काळाच्या सालात चारा छावण्या बसतात. नेपियर हे मुळात चाऱ्याचं गवत. ज्या वर्षी छावणीत ओला चारा मिळत नाही, त्या वर्षी तेच गवत गॅससाठी टँकात घालताना तुम्हालाच बरं वाटणार नाही. करार करायचाच झाला तर टंचाईच्या वर्षी चारा विकायची मोकळीक लिहून घ्या.

वरचा एक एकर माळ मात्र नांगरू नका. हे मी हात जोडून सांगतो. न नांगरलेल्या माळाच्या मुळांत आणि मातीत जो कार्बन साठलाय तो कित्येक वर्षांचा आहे. आपली मुरमाड जमीन, मातीचा थर वीतभर, पण जे आहे ते त्या थरातच आहे. एकदा फाळ गेला की पुढच्या काही वर्षांत त्यातला बराच भाग हवेत जातो, आणि नेपियरला तो फेडायला पुढची कित्येक वर्षं लागतात. ती फेड पूर्ण होईपर्यंत तुमचा गॅस हवामानाचा देणेकरी राहतो. कुसळी-पवन्याचा तो माळ मेंढरांना लागतो, तितरांना लागतो. त्याला तसाच राहू द्या.

इथेनॉलचं तुम्ही विचारलं नाही, पण उसाचा विषय निघाला म्हणून थोडक्यात. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. मळीपासून केलं तर मळी साखरेची उरलेली वस्तू आहे, हिशेब चांगला बसतो. उसाच्या रसापासून थेट केलं तर नत्र, पाणी, रान सगळं त्या लिटरच्या डोक्यावर येतं. २०२३ च्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबरमध्ये सरकारने रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं घातली, कारण साखरच पुरेल की नाही अशी धास्ती होती. ज्या इंधनाला दुष्काळात थांबावं लागतं त्याच्यावर हवामानाचा सगळा भार टाकता येत नाही, असं मला वाटतं. मक्यापासून करायला लागल्यावर कोंबडीखाद्याचा मका महाग झाला, हे आपल्या भागातले पोल्ट्रीवाले सांगतीलच.

या विषयावर आपल्याच भागात जुनं आणि मोलाचं काम झालं आहे, ते फार लोकांना माहीत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९८० च्या दशकापासून गोड ज्वारीवर काम केलं. या ज्वारीला वर कणीस येतं, ताटात उसासारखा गोड रस असतो आणि रस काढल्यावरचा चोथा जनावरं खातात. पीक चार महिन्यांचं, पाणी उसाच्या मानाने फार थोडं. त्या रसाचं अल्कोहोल त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर ऊर्ध्वपातन करून बघितलं. उसाच्या सुट्या पाचटावर चालणारा गॅसिफायरही, म्हणजे पाचट अर्धवट जाळून त्याचा जळाऊ वायू करणारी भट्टीही, तिथं झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामात मला जे सगळ्यात पटतं ते हे: अन्न, चारा आणि इंधन एकाच ताटातून. म्हणजे "एरवी"ची भांडणं निम्म्याने कमी होतात. तुमच्या चार एकरांसाठी मला नेपियरपेक्षा हा विचार जवळचा वाटतो. पण गोड ज्वारी विकत घेणारं गिऱ्हाईक आज तुमच्या जवळपास नाही आणि त्यावाचून पीक लावा असं मी सांगणार नाही.

वीजच पिकवायची असेल तर सौरपॅनेलचा आकडाही बघून ठेवा. मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला पंधरा लाख युनिट निघतात, म्हणजे एकराला तीन लाख युनिटच्या वर. उसाच्या चिपाडातून ग्रीडला मिळाली ती एकरी ३,६००. झाड ऊन साठवतं ते एक-दोन टक्के, पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास. बायोमासची ताकद वेगळी आहे: ते रात्री जळतं, साठवता येतं, ट्रकच्या टाकीत जातं. त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करू नये, पण चांगलं रान फक्त युनिटसाठी गुंतवायचं असेल तर गवत हा त्याचा मार्ग नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळच्या जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं ठरलेलं आहे. तुमच्या किंवा भावकीतल्या कुणाच्या पडीक, खडकाळ रानाला ते बसतंय का, महावितरणच्या कार्यालयात विचारा. माळाला नाही, खडकाळ पडीकाला म्हणतोय.

कार्बन क्रेडिटचं म्हणाल तर, ते कुणाच्या नावावर निघणार हे आधी विचारा. बहुतेक वेळा प्रकल्पाच्या नावावर निघतं, शेतकऱ्याच्या नाही. आणि क्रेडिट मिळायलाही "एरवी काय झालं असतं" हेच कागदावर सिद्ध करावं लागतं. पाणी किती मीटरवरून येतं, स्लरी कुठं जाते, गळती कशी मोजता, हे तीन प्रश्न त्यांच्या इंजिनिअरला विचारा, गावात फिरणाऱ्या माणसाला नाही. त्याला उत्तर देता आलं तर प्रकल्प बघायला जा. तरीही पहिल्या वर्षी अर्ध्या एकराच्या वर लावू नका. पहिल्या कापणीला दहा किलो हिरवं गवत पत्र्यावर चार दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा तोला. दोन किलोच्या खाली भरलं तर तुम्ही पाणी विकताय आणि त्यांची गाडी पाणीच वाहतेय.

राहिलं मामांचं पाचट. मामा एरवी त्याचं काय करतात त्यावर उत्तर आहे. काडी लावून पेटवत असतील तर गाठी बांधून बॉयलरला गेलेलं केव्हाही चांगलं. रानात धुमसत जळणाऱ्या पाचटातून काजळी, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तिन्ही निघतात आणि हाती काहीच लागत नाही. पण मामा ते सरीत दाबत असतील, किंवा दाबायला तयार असतील, तर विकू नका. एकरी तीन-चार टन पाचटात सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो, नत्र अर्धा टक्का, पालाशही चांगलं. खोडव्यात (तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) एकाआड एक सरीत आच्छादन केलं तर उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या कमी होतात, भांगलण कमी होते, आणि युरियाचं एखादं पोतं कमी टाकलं तरी चालतं. बुडखे मात्र जमिनीलगत छाटून घ्या आणि पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जीवाणूखत टाकायला विसरू नका, नाहीतर कुजताना ते रानातलंच नत्र ओढतं. गाठीवाले देतात ते पैसे आणि वाचलेलं पाणी-खत यांचा हिशेब मामांना मांडून दाखवा. पलूसच्या भारी काळ्या रानात, जिथं पाणी दिलं की जमीन दगडासारखी आवळते, तिथं ते पाचट तीन वर्षं सलग दाबलेल्या आणि न दाबलेल्या सरीत फावडं मारून बघा. फावडं किती सहज आत जातं, हे मामांना हातालाच कळेल.